काउंटरवरचा राग घरी आणू नका

विहाराशेजारची अभ्यासिका असो, सार्वजनिक वाचनालय असो की कॉलेजचे ग्रंथालय, काउंटरवर बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना रोज काही ना काही ऐकून घ्यावे लागते. परीक्षा जवळ आली की जागेवरून भांडणे होतात. दंड मागितला, फोनवर बाहेर जाऊन बोला म्हटले, की समोरचा अंगावर येतो. कर्मचारी गप्प बसतो. शरीर मात्र गप्प बसत नाही.

रागाने अॅड्रेनलिन वाढते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, मान आखडते. कधीतरी झाले तर थोड्या वेळाने उतरते. रोजचेच झाले तर झोप उडते, डोके दुखते आणि घरी मुलांवर राग निघतो.

संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. भारद्वाज गोत्राच्या एका ब्राह्मणाने भगवान बुद्धांना शिवीगाळ केली. भगवंतांनी विचारले, पाहुण्यांनी न घेतलेले जेवण कोणाचे राहते? यजमानाचेच. न स्वीकारलेली शिवीही तशीच देणाऱ्याकडे राहते.

हे रोजच्या कामात असे करावे :

१) उत्तर देण्याआधी आनापानाचे तीन-चार श्वास. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. हृदयाची गती मंदावते.

२) आवाज खाली ठेवा. "दादा, नियम सगळ्यांना सारखाच आहे. मुदत वाढवून हवी असेल तर बघते."

३) शिव्या थांबल्या नाहीत तर एकट्याने झेलू नका. सहकाऱ्याला, ग्रंथपालांना बोलवा.

४) तारीख-वेळेसह वहीत नोंद करा.

५) नंतर पाणी प्या, पाच मिनिटे चाला, विश्वासातल्या माणसाशी बोला.

शांत राहणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. चारचौघांत जातीवरून जाणूनबुजून अपमान करणे हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. साक्षीदारांची नावे लिहून ठेवा आणि तक्रार द्या.

दोन आठवडे झोप लागत नसेल, कामावर जायची धास्ती वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. वाचनालयात आपण वाचक म्हणून जातो तेव्हा सम्यक वाचा आपल्यालाही लागू आहे, हे घरातल्या मुलांना आजच सांगा.