झुंज आणि चढाओढ

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३२:२२-३१, १ करिंथ ९:२४-२७, गलती ६:१-५

चढाओढ नसेल तर माणूस आळशी होईल, असे आपण पुष्कळदा ऐकतो. जीवनकलहातूनच प्रगती होते, असे डार्विनचे नाव पुढे करून सांगितले जाते. परंतु 'जो समर्थ तोच टिकतो' हा शब्दप्रयोग प्रथम हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये केला. आणि १९०२ मध्ये क्रोपोटकिनने पशुपक्ष्यांचीच उदाहरणे देऊन दाखविले की, एकमेकांना साहाय्य करणारे जीवही टिकतात. तेव्हा झुंज व चढाओढ या एकच गोष्टी आहेत काय, हे शास्त्राच्या आणि आपल्या सीमाभागातील अनुभवाच्या आधारे पाहू या.

१. याकोब

याकोबाचे नावच टाच धरण्यावरून पडले. भावाशी चढाओढ करून त्याने ज्येष्ठपणाचा हक्क व बापाचा आशीर्वाद मिळविला. फळ काय? घर सोडून पळावे लागले आणि वीस वर्षे मामाच्या घरी राबावे लागले. यब्बोकच्या उतारावरील झुंज मात्र निराळी होती. तेथे हरवायला भाऊ नव्हता. देवापुढे तो एकटा होता. तेथून तो नवे नाव घेऊन लंगडत निघाला आणि ज्याला फसविले त्या भावाला सात वेळा नमन करून भेटला. चढाओढीने भाऊ गमावला होता. झुंजीनंतर तो परत मिळाला.

२. निपाणी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत हजारो बाया तंबाखू कुटीत, चाळीत. नाकातोंडात धूळ, हाती अपुरी मजुरी. नुसत्या कष्टाने माणूस वाढत असता, तर या बाया सर्वांच्या आधी वाढल्या असत्या. चढाओढही होतीच : एकीने जास्त मजुरी मागितली तर त्याच कामासाठी दारात दुसरी उभी. अशा चढाओढीचा लाभ मालकालाच होतो. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या, संपावर गेल्या. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला. ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्या बाया त्यात स्वतः बोलतात.

शेतकऱ्यांचेही तसेच. कर्जाच्या काळजीत असलेला शेतकरी एकटा व्यापाऱ्याकडे गेला, तर मिळेल तो भाव घेऊन परततो. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर एकत्र बसले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मरण पावले. त्या घरांनी जे गमावले त्याला 'वाढ' म्हणणे क्रूरपणाचे होईल. माणूस वाढावा म्हणून देवाने अन्याय पेरलेला नाही. पण अन्यायामुळे झुंज पदरी आलीच, तर ती शेजाऱ्याविरुद्ध न करता शेजाऱ्याबरोबर केल्याने माणूस ताठ उभा राहतो.

३. पौलाची शर्यत

पौल शर्यतीचा दाखला देतो, म्हणून शास्त्राचा चढाओढीला पाठिंबा आहे असे काहींना वाटते. नीट वाचावे. मैदानात बक्षीस एकालाच मिळते. परंतु पौल ताब्यात ठेवतो ते स्वतःचे शरीर. दुसऱ्या धावणाऱ्याला पाडण्याची गोष्ट तो काढीत नाही. तीमथ्याला लिहिताना (२ तीमथ्य ४:८) तो सांगतो की, मुगुट एकट्या आपल्यासाठी नसून प्रभूच्या प्रगट होण्याची आवड धरणाऱ्या सर्वांसाठी आहे. गलतीकरांसही तो शिकवितो की, प्रत्येकाने आपलेच काम पारखावे. आणि त्याच अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो.

४. शिक्षकांसाठी

पाठांतराच्या स्पर्धेत एक मूल बक्षीस घेऊन जाते आणि अडखळणारे मूल पुढच्या रविवारी येत नाही, याचा विचार व्हावा. प्रत्येक मुलाला गेल्या महिन्यात किती वचने येत होती व आज किती येतात, हे वहीत लिहून ठेवावे. ज्याला येते त्याने शेजारी बसलेल्याला शिकवावे, आणि सर्व वर्गाने मिळून एक स्तोत्र म्हणून दाखवावे. मेहनत सर्वांनाच पडेल. हार कोणाचीच होणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. एसावाशी चढाओढ व यब्बोकची झुंज यांत कोणता फरक दिसतो?
२. आपल्या मंडळीत कोणाचे ओझे त्याला एकट्यालाच वाहावे लागत आहे?
३. आपल्या वर्गातील कोणते मूल हरण्याच्या भीतीने गप्प बसते? त्याच्यासाठी या महिन्यात काय करता येईल?