शंका-समाधान : मुलगा मोटारीत रमतो, घराला डॉक्टर हवा

नांदूरघाट आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

शंका : मुलगा दहावीत आहे, अभ्यासात बरा आहे. शाळा सुटली की गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो. आमच्या भावकीत कुणी डॉक्टर नाही. थोडं वावर विकून त्याला लातूरला नीटच्या क्लासला घालावं म्हणतो. तो हो-ना काहीच बोलत नाही. काय करावं? (एक शेतकरी पालक)

समाधान : वावराचा व्यवहार आधी थांबवा. मुलगा गप्प आहे म्हणून तो राजी आहे असं धरू नका. बापापुढं नाही म्हणायला या वयात छाती होत नाही.

दहावीला विज्ञानाची दोन पुस्तकं असतात. भाग 1 मध्ये विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आहे, त्यात विद्युत मोटार येते. भाग 2 मध्ये आनुवंशिकता आहे, शरीरातल्या जीवनप्रक्रिया आहेत. एखाद्या संध्याकाळी दोन्ही पुस्तकांतला एकेक धडा त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा. मधे बोलू नका. कुठल्या धड्यात तो पुस्तक मिटून आपल्या मनानं सांगू लागतो, हे तुमच्या लगेच ध्यानात येईल. नीटच्या 720 गुणांपैकी 360 एकट्या जीवशास्त्राचे असतात. ज्याचं मन त्यात लागत नाही, त्याला लातूरचा चांगल्यात चांगला क्लासही दोन वर्षं ओढून नेऊ शकत नाही. लातूरनं साध्या घरांतून डॉक्टर घडवले हे खरं आहे. त्या मुलांची स्वतःची ओढ त्यामागं होती.

मग त्या दुकानातही एकदा जाऊन या. तो तिथं नुसता बसतो, की जळालेली मोटार खोलून तारेचे वेढे मोजतो? मोटार का जळाली हे मिस्त्रीला विचारतो का? हे सगळं तो करत असेल, तर त्याच्यापुढं सरळ वाट आहे. आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम 2 वर्षांचा असतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र चालतं. पुढं शिकायचं झालं तर आयटीआय करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मार्क चांगले असतील तर दहावीनंतरच 3 वर्षांची पदविका घ्यावी. अंबाजोगाईला आणि बीडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआयला गेलं की शिक्षण संपलं ही समजूत आपल्याकडं फार घट्ट बसली आहे, आणि तिनं कितीतरी हुशार हातांचं नुकसान केलं आहे.

आणि समजा तो जीवशास्त्राच्या धड्यात रमला, तर लातूरला जरूर पाठवा. तरीही अकरावीला गणित ठेवा, म्हणजे दोन्हीकडचे रस्ते उघडे राहतील. अकरावी, आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांचे अर्ज वेगवेगळे असतात, तिन्ही भरता येतात. जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर केज तहसीलमधून आताच काढून ठेवा. निकालानंतर सगळा तालुका तिथंच रांगेला असतो.

शंका : मी नववीत आहे. आई-वडील दिवाळीनंतर उसाला जातात, मी आजीजवळ राहते. मला नर्स व्हायचंय. दहावी झाली की लग्न करू असं घरात बोलतात. (एक विद्यार्थिनी)

समाधान : बाळा, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी हे ऐक. 18 वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. बोलणं वाढलं तर शाळेतल्या बाईंना सांग, किंवा 1098 या क्रमांकावर फोन कर. तो फुकट आहे आणि मुलांसाठीच आहे. फोन केल्यानं तू आई-वडिलांची वैरीण होत नाहीस.

मुकादमाची उचल फेडायची असते, कोयत्यावर माणूस कमी पडतं, मागं तरण्या मुलीला कुणाजवळ ठेवायचं ही धास्ती असते. म्हणून घरात असं बोलतात. त्या धास्तीला उत्तर दे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तुझ्यासाठी कुठं जागा आहे, हे बाईंना समाजकल्याण कार्यालयात विचारायला सांग. राहण्याजेवणाची सोय झाली तर आईचा निम्मा घोर कमी होईल.

नर्सिंगचं म्हणशील, तर एएनएम 2 वर्षांचं, जीएनएम 3 वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं असतं. तिन्ही बारावीनंतर. बीएस्सीसाठी विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागतं. इंग्रजीकडं आतापासून लक्ष दे. आणि एखाद्या सुट्टीत सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना विचारून दिवसभर तिथं थांब. रक्त, उलटी, रडणारं लेकरू, चिडलेले नातेवाईक हे सगळं बघूनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर तुझी आवड पक्की आहे. फीची काळजी वडिलांना असेल, तर त्यांना सांग की 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासनानं 2024 पासून पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या फेरीतून घ्यायचा. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत.

शंका : काय व्हायचंय विचारलं की निम्मा वर्ग ‘पोलीस भरती’ म्हणतो. यांची खरी आवड ओळखायची कशी? (एक शिक्षक)

समाधान : सर, राज्य मंडळानं 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. तिच्या 7 क्षेत्रांत गणवेशधारी सेवा हेही एक क्षेत्र होतं. तेव्हा भरतीची ओढ खोटी समजू नका. मुलांना त्या गणवेशापलीकडचं दाखवा. आपल्याच जिल्ह्यातला अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, बारावीनंतर सैन्यात गेला. धावण्याच्या स्पर्धांकडं तो तिथं वळला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्य जिंकलं. काही आवडी अशा कामाला लागल्यावरच कळतात, म्हणून मुलांना कामांजवळ न्या. बँक, पशुवैद्यकीय दवाखाना, महावितरणचं उपकेंद्र, महिन्याला एक ठिकाण धरा.

भरतीवाल्या मुलांना छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेबद्दलही सांगा. ती 1977 पासून अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेते. दहावीच्या वर्षातच तिचा अर्ज भरावा लागतो. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. आणि आठवीतल्या ज्यांच्या घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना एनएमएमएस परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.