शंका-समाधान : उपाशी मासा, विरळ हवा

शंका : मार्गासनीजवळ आमचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत. दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. अशा वेळी खाद्य बंद ठेवा, असं गावात सांगतात. पण आधीच जीव घाबरा झालेल्या माशाला उपाशी ठेवलं तर त्याचं हृदय थकणार नाही का?
– एक शेतकरी, वेल्हे

समाधान : नाही, उलट त्याच्यावरचा ताण हलका होईल. खाद्य बंदच ठेवा. आभाळ असलं की पाण्यातलं शेवाळ दिवसा पुरेसा ऑक्सिजन तयार करत नाही आणि रात्री मात्र तेही श्वसन करतं. म्हणून पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्यात माशाच्या पोटात कोंडा-पेंड असेल तर ती पचवायलाच त्याला जास्तीचा ऑक्सिजन लागतो. काही माशांत ही गरज विश्रांतीच्या तुलनेत दुपटीच्या घरात जाते.

आता हृदयाचं. ऑक्सिजन घटला की माणसाची नाडी जलद होते, पण बहुतेक माशांची मंदावते. कल्ल्यांतल्या संवेदी पेशी मेंदूला कळवतात आणि व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी हृदयाला सबुरीनं चालवते. ठोके कमी झाले तरी प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं. शिवाय माशाच्या हृदयाला स्वतःचा बराचसा ऑक्सिजन शरीरभर फिरून आलेल्या रक्तातूनच घ्यावा लागतो. ठोका सावकाश पडला की तो घ्यायला जास्त वेळ मिळतो. हे मंद ठोके म्हणजे बचाव आहे, दुबळेपणा नव्हे.

रोहू-कटला एक-दोन दिवस उपाशी राहिल्यानं मरत नाहीत, पहाटेच्या गुदमरण्यानं मरतात. तेव्हा एरेटर नसेल तर पंपानं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात सोडा. खाद्य पुन्हा सुरू कराल तेव्हा ऊन चांगलं चढल्यावर आणि थोडंच टाका.

शंका : मी अकरावीत विज्ञान शाखेत आहे. उपाशी उंदरांची नाडी मंदावते, असं वाचलं. मग एकादशीचा उपवास करून तोरणा चढले तर विरळ हवा मला कमी जाणवेल का?
– एक विद्यार्थिनी, मार्गासनी

समाधान : वाचलंत ते खरं आहे. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं. त्याला फार कमी खायला दिलं तर तो शरीर थंड करून सुस्तीत जातो आणि ठोके दोनशेच्याही खाली येतात. ऑक्सिजन घटला तरी असे छोटे प्राणी शरीराचं तापमान उतरवून गरज कमी करतात, म्हणजे दोन्ही संकटांवर त्यांचा उपाय एकाच दिशेचा. आफ्रिकेतल्या बिनकेसाळ बिळवासी उंदरांवरचा 2017 चा अभ्यास मला फार विलक्षण वाटतो. त्यांनी ऑक्सिजनशिवाय 18 मिनिटं काढली आणि त्यांचे ठोके साधारण 200 वरून 50 वर आले!

माणसाची नाडीही दीर्घ उपासमारीत मंदावते. अमेरिकेत मिनेसोटा इथे 1944-45 मध्ये ॲन्सेल कीज यांनी 36 स्वयंसेवकांना महिनोन् महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा विश्रांतीची नाडी सुमारे 55 वरून 35 वर आली. पण ती माणसं खंगली होती, चढ चढण्याच्या अवस्थेत नव्हती. एका एकादशीनं असं काही होत नाही. आणि ऑक्सिजन कमी झाला तर आपलं शरीर उंदरासारखं थंड पडत नाही, नाडी वाढवतं.

तोरण्याची उंची सुमारे 1,400 मीटर. तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 85 टक्के असतो. निरोगी माणसाला तेवढ्यानं त्रास होत नाही. तुमची नाडी वाढेल ती चढामुळे. उपवासात चढायचंच असेल तर पाणी आणि मीठ-साखर सोबत घ्या, चक्कर आली तर बसा. घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर त्यांना उपाशीपोटी गडावर नेऊ नका.