आखूड साखळीची राखण

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या सणसर, भवानीनगर, बेलवाडीच्या पट्ट्यात बरीच घरं गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर आहेत. चारी बाजूंनी ऊस, गोठ्यात जनावरं, रात्री-अपरात्री मोटार चालू करायला शिवारात जाणं. अशा ठिकाणी कुत्रा हौस म्हणून नाही, गरज म्हणून पाळला जातो. पाळण्याची रीतही ठरलेली आहे. महिन्याचं पिल्लू आणायचं, जरा अंग धरलं की गोठ्याच्या खांबाला हातभर साखळीनं बांधायचं, उरलेली भाकरी पुढ्यात टाकायची. बांधून ठेवला की कुत्रा कडक होतो, अशी यामागची समजूत. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. आखूड साखळीवर वाढलेला कुत्रा राखणीला अपुरा पडतो आणि घरच्या-दारच्या माणसांना धोक्याचा ठरतो. त्याचं वागणं, त्याचं शिक्षण आणि त्याची तब्येत, तिन्ही गोष्टी त्या एकाच साखळीनं बिघडतात.

सुरुवात पिल्लाच्या वयापासून करायला हवी. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर दीर्घ काळ प्रयोग केले आणि १९६५ साली ते ग्रंथरूपानं मांडले. त्यांचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष असा की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांना पाहतं, हुंगतं, ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळतं, ते त्याला जन्मभर आपले किंवा निदान बिनधोक वाटतात. हे दिवस एकदा गेले की नवी माणसं आणि नवे आवाज यांची भीती घट्ट बसते, आणि भ्यालेला कुत्रा पळता आलं नाही तर चावतो. महिन्याचं पिल्लू आईपासून तोडलं तर आणखी एक धडा बुडतो. भावंडांशी दंगामस्ती करताना दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू शिकत असतं. जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ थांबतो. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांआधी आणू नये. आणल्यावर पुढचा महिनाभर त्याला लहान मुलं, म्हातारी माणसं, ट्रॅक्टर, दूध न्यायला येणारा माणूस, शेळ्या-कोंबड्या हे सगळं शांतपणे, खाऊ देत दाखवावं. लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला अनोळखी कुत्र्यांपासून मात्र लांब ठेवावं.

‘असा लाडावलेला कुत्रा राखण काय करणार?’ हा प्रश्न इथे हमखास येतो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर याच मुलखात फिरतं आहे. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारा कुत्रा दिवसभर मोकळा असतो, मेंढरं आणि लेकरं यांच्यातच वाढलेला असतो, आणि रात्री लांडग्याची चाहूल लागली की तोच पहिला उठतो. कुणी त्याला बांधून कडक केलेलं नसतं. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि राखणीचं सारं मोल या ओळखीत आहे. खांबाला जखडलेला कुत्रा पाहुण्यावर भुंकतो, मांजरावर भुंकतो, वाऱ्यानं सळसळणाऱ्या पाचटावरही भुंकतो. कंटाळा आणि चडफड यांचं ते भुंकणं असतं. काही महिन्यांत घरातली माणसं त्याकडे लक्ष देणं सोडतात, आणि ज्या रात्री खरंच कुणी आलेलं असतं त्या रात्रीही कुणी उठत नाही. धोक्याच्या बाजूलाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या चावलेल्या आणि न चावलेल्या पाळीव कुत्र्यांची तुलना १९९४ साली प्रसिद्ध झाली. चावणाऱ्यांत अंगणात साखळीनं बांधलेले कुत्रे असण्याची शक्यता २.८ पट निघाली, तर नसबंदी न केलेले असण्याची २.६ पट. कुणी म्हणेल, चावरे होते म्हणूनच त्यांना बांधलं असेल. काही घरांत तसं असेलही. पण बांधलेल्या कुत्र्याला समोरून येणाऱ्यापासून मागे सरायला जागाच नसते. गुरगुरून भागलं नाही की दात हा एकच उपाय त्याच्याकडे उरतो. साखळीच्या टप्प्यात गेलेलं लहान मूल म्हणूनच सर्वाधिक धोक्यात असतं.

बिबट्याचं भय आता बारामती-इंदापूरच्या उसातही शिरलं आहे, आणि त्यापायी कुत्रा बाहेर बांधण्याचं प्रमाण वाढतं आहे. हा हिशोब चुकीचा आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्यांच्या आहारात वजनाच्या मापानं ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. गाय किंवा शेळी नव्हे, कुत्रा हे तिथल्या बिबट्याचं मुख्य भक्ष्य होतं. रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला अडवत नाही, त्याला दारापर्यंत आणतो. रात्री कुत्रा बंद पडवीत किंवा जाळीच्या खोपटात असावा. तिथूनही त्याचं नाक आणि कान काम करतात.

तब्येतीचंही तेच. कुत्र्याच्या अंगावरचा तांबूस गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही. तो खाली उतरून भिंतीच्या भेगांत, खांबाच्या बुडाशी, विटांच्या फटींत घालतो, आणि एक मादी हजारोंनी घालते. वर्षभर एकाच खांबाला बांधलेला कुत्रा म्हणजे त्या पिलावळीला कायमचं अन्न. मग गोचीड-ताप येतो, कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि घरात ‘उन्हानं मलूल झालाय’ म्हणून दिवस जातात. औषध कुत्र्याला जितकं हवं तितकंच त्या जागेलाही हवं. भेगा लिंपून घ्यायला हव्यात. गळ्यातला पट्टा रुतून झालेल्या जखमेत किडे पडेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही, आणि दुखणारा कुत्रा हात लावणाऱ्याला चावला की पुन्हा तो चावरा ठरतो. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी कान, दात, पाय, मान तपासावी; खोड मागाहून शोधावी. पार्वो, डिस्टेंपर यांच्या लशी दीड-दोन महिन्यांपासून, रेबीजची तिसऱ्या महिन्यात, नंतर दरवर्षी. जंताचं औषध वेळच्या वेळी. कांद्याचा रस्सा आणि शिजवलेली हाडं देऊ नयेत. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड ठेवलं असेल त्या दिवशी कुत्रा त्या बाजूला जाणार नाही हे पाहावं. पूर्वीचे कुत्रे लशीविना जगले, असं म्हणणाऱ्यांना जे जगले तेवढेच आठवतात. डिस्टेंपर तर कुत्र्यापाशी थांबतही नाही. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले त्यात या रोगाचा हात होता, आणि इंदापूरच्या माळांवर अजून लांडगे आहेत.

मग साखळी नको तर काय? चोवीस तास मोकाट सोडणं हा मार्ग नाही. मोकाट कुत्रा दुचाकीमागे धावतो, शेजारच्या कोंबड्या मारतो, कुठूनतरी आजार घेऊन येतो. कुंपण असेल तर उत्तम. नसेल तर दोन खांबांमध्ये उंचावर तार ताणून तिच्यावर सरकणाऱ्या कडीला लांब दोर बांधावा, म्हणजे कुत्र्याला फिरायला जागा मिळते. सावली आणि पाणी दोन्ही त्या टप्प्यात असावं. सकाळ-संध्याकाळ दावं धरून फिरवावं. धारा आणि वैरणीपुढे वेळ कुठे, असं वाटेल, पण शिकवणीला दिवसातली दहा मिनिटं पुरतात आणि ती भाकरी घालतानाच काढता येतात. नाव घेऊन हाक मारली, आला की लगेच तुकडा. ‘बस’ म्हटलं, बसला की लगेच तुकडा. बक्षीस त्याच क्षणी मिळालं तरच कशाबद्दल ते त्याला कळतं. तासाभरानं दिलेल्या माराचंही तसंच. मार कशाचा हे त्याला उमगत नाही, मारणारा हात तेवढा लक्षात राहतो. गुरगुरण्याबद्दल तर कधीच मारू नये. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मारून मोडला की कुत्रा इशाऱ्याविना चावायला शिकतो. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्यापाशी आणि पिल्लांजवळच्या कुत्रीपाशी मुलांना जाऊ देऊ नये, आणि अंग ताठ करून एकटक पाहणारा कुत्रा खेळत नसतो हे त्यांना शिकवावं.

वर्षातल्या दोन वेळा इथे विशेष जपण्याच्या. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी काटेवाडीहून सणसरला मुक्कामी येते. हजारो अनोळखी पावलं आणि टाळ-मृदंगाचा गजर यात अंगणातला कुत्रा बिथरला तर नवल नाही. त्या दिवशी तो आतल्या शांत खोलीत असावा आणि त्याची रेबीजची लस त्याआधीच झालेली असावी. दुसरी वेळ साखर कारखान्यांच्या गाळपाची. ऊसतोड मजुरांच्या कोप्या वस्तीलगत पडतात, त्यांची मुलं फडात आणि रस्त्यावर असतात. ऊस तुटला की कोल्हे आणि मुंगसं बाहेर पडतात, आणि त्यांच्यातही रेबीज असू शकतो. पिसाळलेलं जनावर चालून आलं तर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळी आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यातली हयगय, दोन्ही स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणून नोंदल्या आहेत. पण कायद्याहून मोठी काळजी चाव्याची. चावलेला कुत्रा कालव्यापलीकडे सोडून यायचा, ही वाईट रीत थांबली पाहिजे. तो दहा दिवस नजरेसमोर राहिला तरच त्याला रेबीज होता की नाही याचा उलगडा होतो, आणि सोडून दिलेला कुत्रा पुढच्या वस्तीवर कुणाला तरी चावतोच. चावलेल्या माणसाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, आणि डॉक्टर सांगतील त्या प्रत्येक तारखेला इंजेक्शन घ्या. जखम खोल असेल तर जखमेत द्यायच्या सीरमबद्दल स्वतःहून विचारा. कुत्र्याचे दहा दिवस पुरे होण्याची वाट पाहत लस लांबवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचवणारं औषध आजही नाही.