गर्भारपणातील रक्तदाब आणि रक्ताची एक तपासणी

"पाय सुजले? अगं, आठव्या महिन्यात सगळ्यांचेच सुजतात!" बाळंतपणासाठी भारतातून आलेली आई असे म्हणते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की डॉक्टरांना प्रीएक्लॅम्पसियाचा संशय येतो. यंदाचा निधी माता-आरोग्यासाठी आहे, म्हणून हा विषय आम्ही सभासदांपुढे ठेवत आहोत.

मूळ दुखणे असते वारेत. वारेला रक्त पुरेसे मिळाले नाही की ती 'एसफ्लट-1' नावाचे प्रथिन जास्त सोडते. रक्तवाहिन्यांना हवे असणारे 'पीएलजीएफ' हे दुसरे प्रथिन त्यात अडकून पडते. मग रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाला आणि यकृताला त्रास होतो. बोस्टनचे डॉ. अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये गाभण उंदरांना एसफ्लट-1 देऊन हीच लक्षणे निर्माण करून दाखवली.

या दोन प्रथिनांचे गुणोत्तर आता रक्तातून मोजता येते. ते 38 किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्याभरात हा आजार होण्याची शक्यता फारच थोडी, असे 2016 च्या अभ्यासात दिसले. अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली ती आजार गंभीर वळण घेईल का, हे ओळखण्यासाठी. खरा उपाय प्रसूती हाच. पण तिसाव्या आठवड्यात बाळाला पोटात मिळणारा एकेक दिवस मोलाचा असतो. थांबायचे की नाही, हे ठरवताना आकडा हाताशी असलेला बरा. इथे ब्रिटनमध्ये 11 रुग्णालयांत पीएलजीएफचा आकडा डॉक्टरांना कळवल्यावर निदानाचा काळ 4.1 दिवसांवरून 1.9 वर आला (2019).

मात्र आकडा चांगला आला तरी खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली कळ येणे यांतले काहीही झाले तर लगेच मॅटर्निटी युनिटला फोन करायचा. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही!

हे वाचून 'गावाकडच्या दवाखान्याला हेच यंत्र देऊ या' असे देणगीदारांना वाटणे साहजिक आहे. आमचे मत वेगळे आहे. त्याला प्रयोगशाळा लागते, शिकलेली माणसे लागतात. तिथे आधी रक्तदाबाचे चांगले उपकरण, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने हवीत. 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत (2002) या स्वस्त औषधाने आकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला होता.