घरातील विजेची बचत : आधी काय बदलावे?



खताचा आपण एकरी हिशेब मांडतो. घरच्या विजेचाही मांडू. १,००० वॅट तासभर चालले की एक युनिट. दर ८ रुपये धरू; आपला दर बिलावर पाहावा.

गोठ्यातला ६० वॅटचा जुना बल्ब रात्री १० तास जळतो. तिथे ९ वॅटचा एलईडी लावला तर महिन्याला १५ युनिट, म्हणजे १२० रुपये वाचतात. दिव्याचे पैसे महिनाभरात वसूल!

पंख्याचे तसे नाही. ७५ वॅटऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा दीड हजाराने महाग धरला, तर रोज १२ तास चालवून वर्षभरात पैसे फिटतात. दोनच तास चालणाऱ्या पंख्याला सहा वर्षे लागतील.

म्हणून आमची शिफारस अशी : जे जास्त तास चालते, ते आधी बदला.