गणिताची भीती आणि विचिकित्सा



भगवान बुद्धांनी सांगितलेल्या पाच नीवरणांपैकी एक विचिकित्सा, म्हणजे मनाला अडवून धरणारी शंका. ‘गणित आपल्याला जमणार नाही’ ही अशीच शंका होय. ती स्वतः पडताळून पाहावी.

अभियांत्रिकीच्या २०२५ च्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे होते. प्रत्येकी २ गुण, चुकीला गुणकपात नाही. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: संकल्पना कळली नाही, आकडेमोड चुकली, की वेळ पुरला नाही? पहिल्यासाठी पाठ्यपुस्तकातील तो धडा पुन्हा वाचा, दुसऱ्यासाठी रोज सराव करा, तिसऱ्यासाठी सोपे प्रश्न आधी घ्या. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या, की ‘जमत नाही’ऐवजी ‘एवढे राहिले आहे’ असे तुम्हीच म्हणाल.

जयभीम!